दोन वेढे, दोन वेग : पानिपत (१७६०-६१) आणि कुत-अल्-अमारा (१९१५-१६)

जुन्या मोडी पत्रांचें दप्तर ज्यांनीं स्वतः उलगडलें आहे त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. पुष्कळशा पत्रांवर दोन मित्या असतात : एक पत्र लिहिल्याची व दुसरी तें पावल्याची. पहिली मजकुराबरोबर लेखकाच्या कारकुनानें घातलेली असते. दुसरी, जिला आपण पैवस्ती म्हणतों, ती पत्र घेणाऱ्याच्या कारकुनानें वेगळ्या हातानें नोंदलेली असते. संशोधक पहिलीचा उपयोग कालनिर्णयासाठीं करतात आणि दुसरीकडे ओझरतें पाहून पुढें जातात. आमच्या मतें या दोन मित्यांमधील अंतर हें इतिहासाचें एक स्वतंत्र साधन आहे. त्या काळीं माणसाचा शब्द किती वेगानें चालत होता, हें त्यावरून मोजतां येतें. आणि शब्दाचा वेग कळला म्हणजे राजा, सेनापति, सावकार व घरीं वाट पाहणारीं माणसें कशाच्या आधारें वागत होतीं, याचाही कांहीं उलगडा होतो.

हा विषय हातीं घेण्याचें कारण असें कीं, पानिपतच्या चर्चेंत एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : "त्या वेळीं तारायंत्र असतें तर भाऊसाहेब वाचते." या वाक्यांत गृहीत धरलेलें असें कीं, वृत्त त्वरित पोंचलें म्हणजे मदतही त्वरित पोंचते. हें गृहीत खरें कीं खोटें, हें केवळ तर्कानें ठरविण्याचें कारण नाहीं. तारायंत्र, बिनतारी संदेश, आगबोट व विमान हीं सर्व हाताशीं असतांना एक सैन्य वेढ्यांत सांपडलें, उपासमारीनें खंगलें व शेवटीं शत्रूच्या स्वाधीन झालें, असें उदाहरण उपलब्ध आहे. आणि त्या सैन्यांत मराठे शिपाईही होते. तैग्रिस नदीच्या कांठचा कुत-अल्-अमारा येथील वेढा तो हाच. हे दोन वेढे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम पानिपत. उदगीरचा विजय ३ फेब्रुवारी १७६० रोजीं झाला आणि मार्च महिन्यांत सदाशिवरावभाऊ व विश्वासराव परतुडाहून उत्तरेकडे निघाले. ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली हातीं आली. १७ ऑक्टोबर रोजीं कुंजपुरा पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अबदालीनें बागपताजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौज व तिचा दक्षिणेकडील रस्ता यांच्यामध्यें तो येऊन बसला. नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे सुमारें अडीच महिने, दोन्हीं सैन्यें समोरासमोर राहिलीं. दुआबांतून रसद पोंचविण्याचें व अबदालीची रसद तोडण्याचें काम गोविंदपंत बुंदेल्याकडे होतें; तो डिसेंबरांत मारला गेला. पुढील कथा सर्वांस ठाऊक आहे. उपाशीं मरण्यापेक्षां लढून मरावें, असा निश्चय करून फौज बाहेर पडली.

कै. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या साधनांच्या पहिल्या खंडांत या मोहिमेचीं जीं पत्रें छापिलीं, तीं या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखीं आहेत. त्यांतील पुष्कळ मजकूर युद्धशास्त्राचा नाहीं; तो धान्याचा, पैशाचा व वाटेचा आहे. पत्र कोणत्या वाटेनें पाठवावें, जासुदांची जोडी सुखरूप पोंचेल कीं नाहीं, ही चिंता लढाईच्या चिंतेइतकीच मोठी आहे. एकाच मजकुराच्या दोन जोड्या वेगवेगळ्या वाटांनीं रवाना करण्याची त्या काळची रीतही याच चिंतेंतून आलेली.

या पत्रव्यवहाराचा वेग किती होता? याचें एक ठळक उदाहरण पराभवानंतरचेंच आहे. नानासाहेब पेशवे त्या सुमारास स्वतः उत्तरेकडे निघाले होते. २४ जानेवारीच्या सुमारास भेलशाच्या बाजूस त्यांचा मुक्काम असतां एका सावकाराचें दक्षिणेकडे चाललेलें पत्र त्यांच्या हातीं आलें व त्यांतील सांकेतिक मजकुरावरून त्यांस अनर्थ कळला. पानिपत ते भेलसें हें अंतर सुमारें साडेचारशे मैलांचें. तें दहा दिवसांत कापलें, म्हणजे रोजीं पंचेचाळीस मैल, आपल्या हिशेबानें बावीस-तेवीस कोस पडले. दोन गोष्टी येथें लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, सरकारी जासूद मागें राहिला व सावकाराचा काशीद पुढें गेला. ज्याचा पैसा बातमीवर अवलंबून असतो तो बातमीच्या वेगासाठीं अधिक खर्च करतो, हा नियम त्या काळींही लागू होता. दुसरी, वृत्त रोजीं बावीस कोस चाललें, पण धान्य बैलाच्या पाठीवरून चालत होतें. आणि लादलेला बैल रोजीं चार-पांच कोसांच्या वर फारसा जात नाहीं. अर्थात् शब्दाचा वेग एक धरला तर भाकरीचा वेग त्याच्या पंचमांशाइतकाच होता.

हें प्रमाण त्या काळच्या सर्व कारभाऱ्यांस पक्कें ठाऊक होतें, व त्यांची राज्यपद्धति त्यावरच उभी होती. सेनापति एकदां नर्मदेपार गेला म्हणजे त्यास पुण्याहून दिवसागणिक हुकूम देतां येत नसत; म्हणून त्याला मुखत्यारी देऊनच पाठवावें लागे. भाऊसाहेबांच्या हातून झालेल्या चुका त्यांच्या स्वतःच्या होत्या, व त्यांचें श्रेयही त्यांचें स्वतःचें होतें. त्यांचा निर्णय दुसऱ्या कोणी दूर बसून घेतला नाहीं. ही गोष्ट पुढील तुलनेसाठीं महत्त्वाची आहे.

आतां मधल्या दीडशें वर्षांत काय घडलें तें थोडक्यांत पाहूं. फ्रान्समध्यें शाप बंधूंच्या डोंगरमाथ्यावरील खुणांच्या यंत्रांनीं १७९४ मध्यें लील येथून पॅरिसला युद्धवार्ता त्याच दिवशीं पोंचूं लागल्या. वृत्त घोड्याच्या पायांपासून सुटलें तें प्रथम येथें. पुढें विजेचें तारायंत्र आलें. हिंदुस्थानांत ओशॉनेसी यानें १८५०-५१ मध्यें कलकत्त्याजवळ प्रयोगाची तार घातली, आणि १८५४-५५ च्या सुमारास कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं ठिकाणें जोडलीं गेलीं. ११ मे १८५७ रोजीं दिल्लीच्या तारकचेरींतून अंबाल्यास जी बातमी गेली तिच्यामुळें पंजाबांतील इंग्रज अधिकारी सावध झाले, हें प्रसिद्धच आहे. १८५३ मध्यें बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, आणि १८६३ मध्यें बोरघाटाचा चढ पुरा झाल्यावर मुंबई-पुणें रस्त्यावर बैल व वाफ यांची स्पर्धा संपली. १८६५ मध्यें इराणी आखातांतून घातलेल्या तारेनें हिंदुस्थान युरोपास जोडला गेला, व १८७० मध्यें सुवेझ-एडनवरून समुद्रतार थेट मुंबईस आली.

त्याच १८६५ सालीं या नव्या वेगाचा तडाखा मुंबईनें सोसला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास आलेली तेजी युद्ध संपल्याची बातमी येतांच कोसळली. ज्यांनीं समुद्र हटविण्याच्या कंपन्यांचे भाग मुदतीच्या सौद्यानें घेतले होते त्यांचें १ जुलै १८६५ रोजीं दिवाळें वाजलें. लढाई जगाच्या दुसऱ्या टोकास, पण घरें बुडालीं मुंबईचीं. युद्ध हें रणांगणापुरतें राहिलें नाहीं, याचा महाराष्ट्रास आलेला हा पहिला मोठा अनुभव म्हणावयास हरकत नाहीं.

पण या सर्व प्रगतींत एक भेद लपलेला होता. तार हलकी, ती खांबांवरून वा समुद्राच्या तळाशीं कोठेंही नेतां येते. रूळ, धक्के, आगबोटी व गोदामें जड; तीं बांधण्यास वर्षें लागतात. म्हणून जेथें रूळ पोंचले तेथें भाकरी शब्दाच्या कांहींशी जवळ आली; जेथें पोंचले नाहींत तेथें शब्द क्षणांत व भाकरी पूर्वीच्याच गतीनें, अशी स्थिति झाली. एकास पांच हें जुनें प्रमाण मोडून एकास अगणित असें झालें. कुतच्या अनर्थाचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

६ नोव्हेंबर १९१४ रोजीं हिंदुस्थानांतून गेलेलें सैन्य इराणी आखाताच्या तोंडाशीं फाव येथें उतरलें. आखाताची तार जेथें जमिनीवर येते तेंच हें ठाणें. म्हणजे सैन्यानें पहिलें पाऊल ठेविलें तें तारेच्या टोकावरच. त्याच महिन्यांत बसरा पडला. १९१५ मध्यें जनरल टाउनशेंडच्या हाताखालीं सहावी, म्हणजे पुणें, डिव्हिजन तैग्रिसच्या कांठानें वर चढत गेली. सप्टेंबरच्या अखेरीस तिनें कुत घेतलें. या डिव्हिजनींत १०३ व ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा या पलटणी होत्या. पुढें बगदाद घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहिला. त्याची वाटाघाट बसरा, सिमला व लंडन या तीन ठिकाणांमध्यें तारांनीं झाली, आणि ऑक्टोबरमध्यें लंडनहून अनुज्ञा आली. गॅलिपोलीस आलेल्या अपयशाची भरपाई करणारा एखादा झळझळीत विजय लंडनच्या मुत्सद्द्यांस हवा होता. नदींत आगबोटी किती आहेत, जखमींस खालीं आणण्यास साधनें काय आहेत, याचा विचार मागें पडला. टाउनशेंडला स्वतःला ही चाल धोक्याची वाटत होती. पण मुखत्यारी त्याची नव्हती.

२२ ते २४ नोव्हेंबर १९१५ या दिवसांत टेसिफोन येथें लढाई होऊन सैन्याचा सुमारें तिसरा हिस्सा मेला वा जखमी झाला. डिसेंबरच्या आरंभीं तें कुतला परतलें, व ७ तारखेपासून तुर्कांनीं त्यास वेढलें. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पांच महिने, चालला.

या पांच महिन्यांत बिनतारी संदेशाचें यंत्र चालू होतें. आंतील सेनापति बाहेरच्यांशीं रोज बोलत होता. पानिपतच्या छावणीस जें मिळालें नाहीं तें सर्व त्यास मिळालें. तरी काय झालें? टाउनशेंडनें प्रारंभीं आपल्याजवळील धान्याचा जो हिशेब कळविला तो तोकडा होता. त्या हिशेबावरून मुक्तिसेनेनें घाई केली; पलटणी बसऱ्यास उतरतील तशा, तोफा व दवाखाने मागें टाकून, पुढें ढकलण्यांत आल्या, आणि जानेवारी १९१६ मध्यें शेख साद, वादी व हन्ना येथें त्यांनीं जबर नुकसान सोसलें. त्यानंतर कुतमधील घरें झडून पाहतां पुष्कळ धान्य निघालें, व सैन्य आणखी बरेच आठवडे टिकेल असें ठरलें! चुकीची बातमी जासूद पंधरा दिवसांनीं आणता, तर मध्यंतरीं ती दुरुस्त होण्यास अवकाश मिळता. क्षणांत आलेली चूक क्षणांतच अंमलांत आली. वेगानें बातमीस सत्यता येत नाहीं. तिला फक्त सामर्थ्य येतें.

बाहेर धान्य नव्हतें असें नाहीं. हिंदुस्थानच्या बंदरांतून तें निघत होतें. पण बसऱ्यास मोठ्या जहाजांसाठीं धक्के नव्हते. जहाजें आठवडेच्या आठवडे नांगरून पडत. तेथून वर रेल्वे नव्हती, व उथळ नदींत चालणाऱ्या आगबोटी गरजेच्या मानानें फारच थोड्या होत्या. तारेनें मागितलेली मदत गाढवाच्या व होडीच्या चालीनें निघाली होती.

या विसंगतीचें सर्वांत बोलकें उदाहरण घोड्याच्या मांसाचें आहे. धान्य संपत आलें तेव्हां घोडीं मारून खाण्याचा प्रसंग आला. हिंदी शिपायांनीं तें मांस दीर्घकाळ वर्ज्य मानिलें. तेव्हां हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांकडून आपद्धर्म म्हणून अनुज्ञा मागविण्यांत आली व ती तारेनें वेढ्याच्या आंत पोंचलीही. शास्त्रार्थ समुद्र ओलांडून आला, पण पिठाचें पोतें पुढच्या वळणावरून येऊं शकलें नाहीं. पानिपतच्या कोणा बखरकारानें ही गोष्ट लिहिली असती तर आपण ती अतिशयोक्ति म्हणून बाजूस सारली असती.

एप्रिलमध्यें विमानांतून पोतीं टाकण्याचा प्रयोग झाला. वेढ्यांतील सैन्यास आकाशांतून रसद पुरविण्याचा इतिहासांतील हा पहिला प्रयत्न मानतात. परंतु त्या काळचीं विमानें थोडीं व दुबळीं, खाणारीं तोंडें हजारों; कांहीं पोतीं तर नदींतच पडलीं. शेवटीं २४ एप्रिलच्या रात्रीं 'जुलनार' ही आगबोट सुमारें २७० टन सामग्री घेऊन निघाली. तुर्कांनीं नदींत आडव्या ताणलेल्या दोरास अडकून ती शत्रूच्या हातीं पडली. पांच दिवसांनीं सुमारें १३,००० माणसें शरण गेलीं. त्यांस सोडविण्याच्या प्रयत्नांत मुक्तिसेनेचीं सुमारें २३,००० माणसें मेलीं वा जखमी झालीं होतीं.

कोणी म्हणेल कीं, हा दोष वेगाचा नसून अर्धवट वेगाचा आहे; रूळ व आगबोटी पुरेशा असत्या तर कुत वांचतें. हा आक्षेप आम्हीं मान्य करतों, व पुढील घटनाही त्यास पुष्टि देतात. १९१६ च्या उत्तरार्धांत बंदर सुधारलें, कुर्ना ते अमारा रेल्वे झाली, आगबोटी वाढल्या. आणि फेब्रुवारी १९१७ मध्यें कुत व ११ मार्चला बगदाद इंग्रजांनीं घेतलें. पण यावरून आमचें म्हणणें अधिकच स्पष्ट होतें. युद्धांत निर्णायक असतो तो एकटा वेग नव्हे, तर निरनिराळ्या वेगांचा परस्परांशीं मेळ. पानिपतावर शब्द व भाकरी दोन्हीं मंद होतीं, पण कारभारी त्या मंदपणास ओळखून होते. कुत येथें शब्दाच्या वेगानें दूरच्या कारभाऱ्यांस भुरळ घातली. आपण सांगतों तें ऐकूं जातें, म्हणजे तें घडूंही शकतें, असें त्यांस वाटलें.

कलेवर या वेगाचा परिणाम काय झाला, तोही येथें पाहण्यासारखा आहे. पानिपतचा प्रत्यक्ष साक्षी काशीराज शिवदेव यानें आपली फारसी हकीकत १७८० च्या सुमारास, म्हणजे लढाईस वीस वर्षें होत आल्यावर, लिहिली. फैजाबादेच्या चित्रकारानें काढलेलें या लढाईचें जें प्रसिद्ध चित्र आहे तेंही सुमारें १७७० चें. त्यांत आरंभ, मध्य व अंत एकाच पटावर दिसतात, कारण चित्रकारास अंत ठाऊक होता. याउलट सोमची लढाई १ जुलै १९१६ रोजीं सुरू झाली आणि तिचा चित्रपट ऑगस्टमध्येंच, लढाई चालू असतां, लंडनच्या नाटकगृहांत दाखविला गेला. लाखों लोकांनीं तो पाहिला. पण खंदकांतून सैनिक वर चढतात तें त्यांतील गाजलेलें दृश्य मुद्दाम जुळवून घेतलेलें होतें. काशीराजाच्या हकीकतींत विस्मरणाच्या चुका आहेत, चित्रपटांत घाईच्या. पहिल्या चुका ताडून पाहण्यास आपणांजवळ पत्रें आहेत. दुसऱ्या ताडून पाहण्याची संवय अजून आपणांस लागावयाची आहे.

इटलींत तर वेगाचीच पूजा करणारा कलापंथ निघाला. मारिनेत्तीनें १९०९ मध्यें पॅरिसच्या वृत्तपत्रांत आपला जाहीरनामा छापून मोटारीचा वेग व युद्ध या दोहोंचें स्तोत्र गाइलें. त्या पंथाचा अग्रणी चित्रकार व शिल्पकार बोच्योनी युद्धांत भरती झाला आणि ऑगस्ट १९१६ मध्यें, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, घोड्यावरून पडून मेला. या घटनेवर भाष्य करण्याची आवश्यकता नाहीं.

समाजाच्या बाजूनें पाहतां पानिपतच्या मंद व अपुऱ्या वृत्ताचें एक फळ म्हणजे तोतया. भाऊसाहेबांचा अंत निश्चयानें न कळल्यामुळें पुण्यांत पंधरा वर्षें आशा जिवंत राहिली, पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं, आणि एका भामट्याच्या मागें फौज उभी राहिली. त्यास १७७६ मध्यें देहान्त शिक्षा झाली तेव्हां तें प्रकरण मिटलें. तारेच्या युगांत असें होणार नाहीं, असें वाटतें. पण कुतचे हिंदी कैदी रास-अल्-ऐनच्या बाजूस बगदाद रेल्वेच्या कामास लावले गेले, पुष्कळ तेथेंच मेले. आणि सातारा-रत्नागिरीकडील घरीं त्यांची खबर तारेच्या वेगानें आली नाहीं. पडावाची वार्ता जगास एका दिवसांत कळली. एका शिपायाची वार्ता त्याच्या आईस कळण्यास मात्र पानिपतइतकाच, किंवा त्याहूनही अधिक, काळ गेला. वेगवान् यंत्र कोणासाठीं चालतें, हा प्रश्न त्याच्या वेगाइतकाच महत्त्वाचा आहे.

शेवटची गोष्ट संग्राहकांसाठीं. मेसोपोटेमियाच्या मोहिमेची चौकशी करण्यास जें कमिशन नेमलें गेलें त्याचा अहवाल १९१७ मध्यें प्रसिद्ध झाला व भारतमंत्री चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. त्या अहवालांत एका रीतीवर कडक ताशेरा आहे : भारतमंत्री व व्हाइसरॉय यांच्यामधील महत्त्वाचा व्यवहार सरकारी तारांऐवजीं 'खासगी' तारांनीं चालत असे, व त्या सरकारी दप्तरांत दाखल होत नसत. भाऊसाहेबांचें गोविंदपंतास गेलेलें पत्र आज आपण वाचूं शकतों, पण साम्राज्याच्या निर्णयाचा कागद दप्तरांत सांपडूं नये, हा योगायोग नव्हे. शब्द जितका वेगानें व स्वस्त जातो तितका तो जपून ठेवण्याचा मोह कमी होतो.

हिंदुस्थानांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तारेच्या कागदावर धाडल्याची व पोंचल्याची अशा दोन्हीं वेळा असत. म्हणजे तीही आपल्या पैवस्तीची वंशजच होती. आज घरोघरीं पडलेल्या त्या जीर्ण तारा, लढाईवरून आलेलीं शिक्क्यांसह पाकिटें, पेन्शनचे कागद, हे रद्दींत जात आहेत; आणि हल्लींचे संदेश तर कागदावर उतरतच नाहींत. आमची संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जुन्या मोडी रुमालाइतक्याच आदरानें हे कागद गोळा करावे, पाकीट पत्रापासून वेगळें करूं नये, व छापतांना दोन्हीं मित्या छापाव्या. अनेक गांवांच्या चावडीवर १९१४-१९ च्या युद्धास येथून किती माणसें गेलीं व त्यांपैकीं किती परतलीं नाहींत, हें सांगणारी एक शिळा असते. तिच्यावर आंकडे आहेत, नांवें नाहींत. तीं नांवें जर कोठें असतील तर या कागदांतच आहेत.